उपडी वाटी

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, सगळ्यात वरच्या फळीवर, स्टीलची एक वाटी सात वर्षं पडून होती. ती आमची नव्हती. काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत नाव घातलेलं होतं, 'चि. सौ. कां. छबुबाई हिस मामाकडून'. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, असं माझी आई शिकवून गेली होती. त्या वाटीत काय घालून द्यावं हे मला सात वर्षं सुचलं नाही. आता मी पंच्याहत्तरीची आहे. गावातली माणसं मला जुनं विचारायला येतात. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, कुठल्या साली चावडीजवळची विहीर आटली, मला सगळं आठवतं. ही एक गोष्ट मात्र मला कुणी विचारली नाही आणि मीही आपणहून सांगितली नाही.

आमचं गाव अंबाजोगाईहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. थांब्यासमोरच आमचं किराणा दुकान. पुढे दुकान, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बोळात उघडायची. त्या खिडकीचा कट्टा हातभर रुंद होता. गल्लीतल्या बाया विरजण मागायला पुढच्या दारानं येत नसत. दुकानात पुरुषमाणसं बसलेली असत. त्या बोळातून येऊन कट्ट्यावर वाटी ठेवत आणि "अक्का" म्हणून हाक मारत. मी चुलीपासून उठून विरजण घालायचे, दोन शब्द बोलायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणी माहेरी निघून गेली ती परत आलीच नाही, गावाच्या निम्म्या बातम्या मला त्या खिडकीतून कळल्या. अजूनही संध्याकाळी कुणी नसताना मला त्या हाका ऐकू आल्यासारख्या वाटतात. ते दिवस गोड होते हे मी नाकारत नाही.

त्या वर्षांत गावात एकेक नवं येत होतं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दुकानात लटकू लागल्या. राधाकिशन टेलरच्या शेजारी एसटीडीची पिवळी पाटी लागली. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांची पोरं क्लीनर म्हणून ट्रकवर चढली आणि दोन-तीन वर्षांत ड्रायव्हर होऊन उतरली. त्याच सुमाराला एक-दोन घरांत तरणी माणसं वाळून वाळून गेली. आजाराचं नाव कुणी घेत नसे. 'त्याला ते झालंय' एवढंच म्हणत, आणि म्हणतानाही इकडेतिकडे बघत.

उपकेंद्राच्या नर्स वत्सलाबाई मात्र नाव घ्यायच्या. सडपातळ, पिवळी पडलेली पांढरी साडी, पायात रबरी चपला, आवाज खणखणीत. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली. बाया एका बाजूला डोक्यावरून पदर ओढून, पुरुष दुसऱ्या बाजूला. एड्सला औषध नाही पण तो अडवता येतो, असं सांगून त्यांनी सरळ निरोधचं पाकीट हातात धरून दाखवलं. बायांनी माना खाली घातल्या. राधाकिशन टेलर उठला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सिस्टर, ह्याला माप घ्यावं लागतं का तयारच मिळतं?"

पार हसण्यानं हलला. वत्सलाबाईही हसल्या. मग म्हणाल्या की तयारच मिळतं आणि फुकट मिळतं, फक्त गावात ते ठेवणारं एक घर पाहिजे, जिथून माणूस न लाजता घेऊन जाईल. दुकान असलं तर बरं.

सगळ्यांच्या नजरा आमच्या ह्यांच्याकडे गेल्या. हे म्हणाले, "दुकानात गुरूंचा फोटू हाय. तिथं हे ठेवायचं न्हाई." त्यांच्यापुरता विषय संपला होता. पण मी बायांच्या बाजूनं उठून उभी राहिले. मी अंबाजोगाईला जुनी मॅट्रिक झालेली. आम्ही लिंगायत. माझे वडील सांगायचे, ज्याच्या गळ्यात इष्टलिंग आहे त्याला सुतक नाही, विटाळ नाही. माणसाला शिवायला भिणारा आपल्यातला नव्हे. ते वाक्य मी अंगावरच्या दागिन्यासारखं वापरत आले होते. मी म्हटलं, "दुकानात नको तर माझ्या स्वयंपाकघरात ठेवा. मला कसला विटाळ न्हाई." पारावर शांतता पसरली. त्या शांततेचा मला फार अभिमान वाटला.

वत्सलाबाईंनी मला दोन दिवसांच्या शिबिराला अंबाजोगाईला नेलं. तिथे तालुक्यातल्या वीसेक बाया होत्या. आजार कशानं होतो, कशानं होत नाही, सगळं आकृत्या काढून सांगितलं. एकत्र जेवल्यानं होत नाही, शिवल्यानं होत नाही. नवऱ्याला असला तर बायकोला होतो, आणि ते एक पाकीट वेळेवर हाताशी असलं तर होत नाही. 'वेळेवर' हा शब्द शिकवणारे डॉक्टर दहादा म्हणाले.

पुरुषांचं काम सोपं झालं. ते विडीबंडल घ्यायला येत, हे मुद्दाम दुसरीकडे बघत, आणि मी चहाच्या पुडीसारखी वर्तमानपत्रात बांधलेली पुडी पुढे सारत असे. बायांचं मात्र अवघड होतं. तो शब्द उच्चारणं त्यांच्याच्यानं होईना. मग युक्ती मी काढली. विरजण हवं असेल तर वाटी नेहमीसारखी उताणी ठेवायची. दुसरं हवं असेल तर उपडी ठेवायची. बोलायचं काही नाही. मी उपड्या वाटीखाली पाकीट सरकवीन, तिनं वाटी उचलावी आणि पदराखाली घेऊन जावं. आणि येणं दिवे लागल्यावर, बोळात अंधार पडल्यावर. एरवी दिवे लागले की विरजण, मीठ घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. उपड्या वाटीला ती आडकाठी नाही, असं मी एकेकीला स्वतः सांगितलं. वत्सलाबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अक्का, हे आमच्या साहेबांना सुचलं नसतं."

दिवाळीपर्यंत चार-पाच बाया येऊ लागल्या. त्यांत छबुबाई.

ती सटवा ड्रायव्हरची बायको. बावीस-तेवीस वर्षांची, उंच, सावळी, पुढचा एक दात जरासा तुटलेला. सटवा मद्रास, कलकत्ता असा लांबच्या गाड्यांवर असायचा, महिन्या-दीड महिन्यानं चार दिवस घरी. त्याच्याबरोबरचा क्लीनर त्या उन्हाळ्यात गेला होता, आणि कशानं गेला ते वत्सलाबाईंना माहीत होतं. सटव्याला रात्रीचा ताप येऊ लागला होता. तपासायला चल म्हटलं तर तो म्हणे, मी काय रोगी हाय का? वत्सलाबाईंनी निदान छबुबाईला तरी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात नेऊन तिचं रक्त तपासून आणलं. रक्त साफ होतं. त्यांनी तिला माझ्यासमोर सांगितलं, "छबू, तू आज चांगली आहेस. तशी राहणं आता ह्या पाकिटावर आहे."

छबुबाईनं ते मनावर घेतलं. सटवा आला की दिवे लागल्यावर खिडकीशी तिची वाटी उपडी पडायची. बाकीच्या बाया पाकीट घेऊन पळायच्या, ती थांबायची. एकदा म्हणाली, "अक्का, आमचा गडी वाईट न्हाई. हाताशी ब्रेक असला की दाबतो. नसला तर गाडी थांबवत न्हाई बगा." मी तोंडावर पदर धरून हसले. मग विचारलं, दर वेळी एकेक कशाला नेतेस, दहा घेऊन जा. ती म्हणाली, "ठिवू कुठं? सासू पिठाचा डबा बी चाळून बगती."

तिची सासू बायनाबाई खरंच तशी होती. सुनेनं नवऱ्याला अडवायला काही आणलं हे तिला कळलं असतं तर तिनं छबुबाईला घराबाहेर काढलं असतं. म्हणून छबुबाईचा सगळा भार माझ्या खिडकीवर होता. हे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नको.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत आमच्या शिवांजलीला बघायला लातूरहून माणसं आली. मुलगा बसवेश, खताचं मोठं दुकान, घर तालेवार. तोवर शिवांजलीची तीन स्थळं पत्रिकेवरून, रंगावरून मोडली होती. ती चोविशीत गेली होती, आणि आमच्या समाजात तेव्हा चोवीस म्हणजे पुष्कळ. मंडळी दुपारी येणार होती. जीप वाटेत बंद पडली आणि ती आली ती ऊन उतरल्यावर. चहा-फराळ, बघणं, पुरुषांचं बोलणं होईतो दिवेलागण झाली. मुलाची आई बसम्मा उठून स्वयंपाकघरात आली. घर कसं आहे हे स्वयंपाकघरात कळतं, असं तिनं हसत सांगितलं, आणि ती पाटावर बसली. तिची नजर फडताळावरून, डब्यांवरून, माझ्या हातावरून फिरत होती. मी देवापुढे दिवा लावला. निरोधचं खोकं फडताळाच्या खालच्या कप्प्यात होतं, वर पोळपाट ठेवलेला. त्या पोळपाटाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि माझे डोळे तिथेच जात होते.

तेवढ्यात कट्ट्यावर वाटी वाजली. "अक्का."

मी वळून बघितलं. वाटी उपडी होती. मागे अंधारात छबुबाईचा चेहरा, घाईत आलेला, पदर नीट नाही. सटवा दुपारीच आला होता. त्याचा ट्रक थांब्यावर मी बघितला होता.

बसम्मानं मान वर केली. "कोण हो?"

काय करायचं होतं मला? वाटी उचलून आत घ्यायची, खाली पाकीट ठेवायचं, परत कट्ट्यावर सरकवायची. दोन पावलांचं काम. बसम्मानं विचारलं असतं तर काहीही सांगता आलं असतं. पण माझ्या मनात आलं, ती उठून बघेल, पोळपाट उचलेल, आणि लातूरला जाऊन सांगेल की त्या घरात स्वयंपाकघरात हे असलं असतं. मी खिडकीशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "दिवे लागल्यावर विरजण देत न्हाई आमी. ठाऊक न्हाई का तुला?"

छबुबाई माझ्याकडे बघत राहिली. तिला आधी कळलंच नाही. मग तिनं बोटानं वाटी थोडी पुढे सरकवली, मी नीट बघितली नसेल असं वाटून. हळूच म्हणाली, "अक्का, उपडी हाय."

मी खिडकी लावून घेतली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण बसम्मानं पुन्हा विचारलं, कोण होती म्हणून. आणि मी खिडकीपासून हलायच्या आत, बाहेर ऐकू जाईल हे कळत असताना म्हणाले, "हाय एक गल्लीतली. ड्रायव्हरची बायको. त्या लोकांना काय वेळ न काळ, काय रीत न भात. दारात उभं करायच्या लायकीची माणसं न्हाईत, पर काय करता, दुकान पडलं आपलं."

बसम्मा मान हलवून म्हणाली की खरं आहे, अशांना वेळीच अंतरावर ठेवावं. माझ्यावर तिची मर्जी बसली. निघताना तिनं शिवांजलीच्या हातात नारळ ठेवला आणि स्थळ पक्कं झालं. त्या रात्री हे खुशीत होते आणि मीही होते. खोटं कशाला सांगू, होते.

सकाळी खिडकी उघडली तर वाटी तिथेच होती, उपडीच, वर दवाचे थेंब. छबुबाई ती न उचलताच गेली होती. मी वाटी आत घेतली. आज दुपारी जाऊन देऊन येईन म्हटलं. पाकिटंही देईन, तिला समजावून सांगेन. दुपारी गेले नाही. सटवा चार दिवस राहिला आणि गेला. ट्रक निघाला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. ह्यांनी विचारलं काय बघतेस, मी म्हटलं, काही नाही.

छबुबाई पुन्हा माझ्या खिडकीशी आली नाही. विरजणालाही नाही. डॉक्टर म्हणतील, कुठल्या रात्री काय झालं हे सांगता येत नसतं. येत नसेल. पण त्या संध्याकाळनंतर ती आली नाही आणि मी गेले नाही, हे मला सांगता येतं. तिचं घर आमच्या बोळाच्या तोंडाशी होतं. चाळीस पावलं.

लग्न पाच महिन्यांवर होतं. लातूरची माणसं केव्हाही येतील म्हणून मी खोकं माळ्यावर पापडाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. उरलेल्या बाया एक-दोनदा आल्या, मी 'संपलं' म्हटलं, मग त्याही यायच्या थांबल्या. वत्सलाबाई महिन्याला नवं खोकं घेऊन येत. जुनं संपलं का विचारत. मी हो म्हणायचे. नवं खोकंही माळ्यावर जायचं. लग्न झालं, मुलगी नांदायला गेली, तरी खोकी खाली आली नाहीत. एकदा खोटं बोलले होते, आता खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आणि मग माझा सत्कार झाला. त्या वर्षी एक डिसेंबरला, एड्स दिनाला, शाळेच्या पटांगणात मांडव घातला. तालुक्यातून साहेब आले. सगळ्यात जास्त वाटप आमच्या गावात झालं होतं. होणारच, माळा भरला होता. मला शाल दिली, नारळ दिला. वत्सलाबाईंचे डोळे भरून आले होते. अक्कांनी दोन शब्द सांगावेत म्हणाल्या. मी उभी राहिले आणि वडिलांचं वाक्य सांगितलं. गळ्यात लिंग आहे त्याला विटाळ नाही. माणसाला दारातून परत पाठवणं हे मोठं पाप, असंही म्हणाले. हो, हेच शब्द. बोलता बोलता मला छबुबाई दिसली. तिसऱ्या रांगेत, बायनाबाईच्या शेजारी. ती माझ्याकडे बघत नव्हती. पुढच्या पोरीची सुटलेली वेणी घालत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं वेणी सोडून दोन-तीनदा टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा वेणी धरली.

दोन हजार एक साली छबुबाईला दिवस गेले. तेव्हा मेडिकल कॉलेजात गरोदर बायांचं रक्त तपासायला सुरुवात झाली होती. वत्सलाबाईच तिला घेऊन गेल्या. तीन दिवसांनी त्या भर दुपारी आमच्या दुकानात आल्या, बाकावर बसल्या, पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "छबूला झालंय."

मी उभीच होते. त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्याकडे येत होती ना ती?"

"यायची अधूनमधून," मी म्हटलं.

"मग माझंच चुकलं. मी तिच्या नवऱ्याला नीट धरलं नाही. घरी जाऊन बसायला पाहिजे होतं, त्या म्हातारीला समजवायला पाहिजे होतं." त्या कितीतरी वेळ स्वतःला बोल लावत राहिल्या. रबरी चपलेनं जमीन घासत होत्या. मी त्यांना बोल लावू दिला. एक शब्द बोलले असते तर त्या बाईच्या छातीवरचा दगड उतरला असता. मी म्हटलं, "तुम्ही तरी किती करणार." पुढच्या वर्षी त्या बदली घेऊन केजकडे गेल्या. तिथेच निवृत्त झाल्या म्हणतात. त्यांना मी कधीच सांगितलं नाही.

गावात बातमी फुटायला आठवडा लागला नाही. बायनाबाईनंच फोडली, सुनेनं आजार आणला म्हणून. सटवा तेव्हा अंथरुणाला खिळला होता, तरी आजार सुनेनंच आणला. हापशावर छबुबाई आली की बाया घागरी मागे घेत. आमच्या दुकानात हे तिचं सामान हातात न देता पायरीच्या दगडावर ठेवू लागले. मी आत बसून बघायचे. शिवल्यानं होत नाही हे मी शिबिरात शिकले होते, आणि सत्काराची शाल माझ्या खांद्यावर असायची, थंडीचे दिवस होते. छबुबाई दगडावरून पुडा उचलायची आणि माझ्याकडे बघायची नाही. तिनं एकदा बघितलं असतं, शिवी दिली असती, तर मला बरं वाटलं असतं.

पोरगी झाली. डॉक्टरांनी वेळेवर गोळी दिली म्हणून ती वाचली, तिचं रक्त साफ निघालं. सटवा त्याच साली गेला. दिवस झाल्यावर बायनाबाईनं मायलेकींना तलवाड्याकडे माहेरी हाकललं. मी दुकानातून बघितलं. काखेत लेक, डोक्यावर बोचकं. एसटी यायला वेळ होता, पण ती थांब्यावरच्या सावलीत उभी राहिली नाही. थांबा आमच्या दुकानासमोर होता. ती पुढे वळणावर जाऊन उन्हात उभी राहिली.

त्यानंतर मी माळ्यावरची खोकी खाली काढली. सगळ्यांवरच्या तारखा उलटून गेल्या होत्या. परसात खड्डा करून पुरली. वाटी मात्र फडताळात राहिली.

दोन हजार सहा साली माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला मी अंबाजोगाईला गेले. तपासणीच्या रांगेत बसले असताना शेजारच्या व्हरांड्यातून आवाज आला. "कावून लाजता गं? नवरा लाजला का तुमच्यापशी येताना?" आणि बायांचं हसणं. आवाज मला डोळे मिटून ओळखू आला असता, आणि डोळे तसेही अंधूकच होते. मी उठून जवळ गेले. दहा-बारा बाया भिंतीला टेकून बसलेल्या, आणि मधे छबुबाई उभी. अंगानं बरी भरलेली. हातात निरोधचं पाकीट, तोंडात तो शब्द, दहा जणींसमोर, चढ्या आवाजात. सरकारी औषधं सुरू झाल्यावर ती सावरली होती, आणि आता एका संस्थेकडून हेच काम करत होती. मी खांबाआड झाले. तिनं मला बघितलं की नाही, माहीत नाही.

डोळा बरा झाल्यावर, महिन्यानं, मी एकटीच एसटीनं पुन्हा अंबाजोगाईला गेले. ह्यांना औषध आणायचं सांगितलं. पिशवीत वाटी होती, साखरेनं काठोकाठ भरून फडक्यात बांधलेली. सात वर्षांत शेवटी साखरच सुचली. तिची खोली विचारत विचारत सापडली. पत्र्याची, पण झाडलेली, दाराशी तुळस. लेक सायली पाटीवर अक्षरं काढत बसली होती. छबुबाईनं मला बघितलं, क्षणभर दार धरून उभी राहिली, मग म्हणाली, "या अक्का," आणि सतरंजी टाकली.

मी फडकं सोडून वाटी पुढे ठेवली. तिनं ती उचलून काठाखालचं नाव वाचलं. अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरवला.

"तुमच्याकडं व्हती व्हय," ती म्हणाली. "ही सापडना म्हणून सासूनं लई मारलं व्हतं मला. माहेरात दिली म्हणली, इकली म्हणली."

मला हे माहीत नव्हतं. सात वर्षं फडताळाकडे बघून मी स्वतःला जेवढं बोलून घेतलं होतं, त्यात हे नव्हतंच. मी म्हणाले, "छबू, त्या दिवशी मी..." एवढंच. घरून निघताना सगळं पाठ करून निघाले होते.

ती साखर डब्यात ओतत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "पाव्हणे व्हते तुमच्याकडं."

त्यात राग नव्हता. क्षमाही नव्हती. जे झालं ते तिनं सांगितलं, तारीख सांगावी तसं. डब्याचं झाकण लावून तिनं विचारलं, "पोरगी नांदती का नीट?"

"नांदती," मी म्हटलं. "दोन लेकरं हायेत."

"मंग झालं."

ती मोरीत वाटी धुवायला बसली. राखेनं घासून, दोनदा विसळून. सायलीनं पाटी दाखवली, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात फिरवताना छबुबाई बघते आहे का, हेही बघितलं. अजूनही मी तशीच होते. उठले आणि निघते म्हणाले. छबुबाई स्टोव्हकडे वळत होती. "च्या ठिवते."

"नको गं, आत्ताच घेतलाय," माझ्या तोंडून निघून गेलं. कुणाच्याही घरी आपण हेच म्हणतो. पण काडीपेटीकडे गेलेला तिचा हात थांबला. "बरं," ती म्हणाली. असला नकार ऐकायची सवय झालेलं माणूस म्हणतं तसं.

मी पुन्हा सतरंजीवर बसले. "ठेव," म्हटलं. "पूर्ण कप ठेव."

तिनं माझीच साखर घातली, आणि भरपूर घातली. चहा इतका गोड झाला होता की घशाखाली उतरेना. मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले. समोर मांडणीवर ती वाटी उपडी घातलेली होती, काठावरून पाणी निथळत होतं. धुतलेली भांडी उपडीच घालतात, त्यात वेगळं काही नव्हतं. तरी मी सरकून त्या वाटीकडे पाठ करून बसले.